कुत्र्याच्या डब्यातली गोल बिस्किटं

माझ्या भावाच्या घरातलं कुत्रं माझ्या हातची बिस्किटं खातं. भावजयीच्या मैत्रिणींची कुत्रीही खातात, रिबीन बांधलेल्या डब्यांतून. हे ऐकलं की पेठेतल्या बायका म्हणतात, "अगं बाई, किती हौशी गं तू!" हौस कसली डोंबलाची! मला कुत्री आवडत नाहीत. मांजरं आवडत नाहीत. खरं सांगायचं तर माणसंसुद्धा मोजकीच आवडतात, आणि त्यातलं सगळ्यात आवडतं माणूस त्या कुत्र्याच्या घरात राहतं. ते माणूस म्हणजे माझी आई.

मी भवानी पेठेत राहते. खाली नवऱ्याचं टॉवेल-चादरींचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, मधे अंधारा उभा जिना. भाऊ जुळे सोलापुरात राहतो, बंगल्यात. त्या बंगल्याच्या पायात अक्कलकोटकडचं आईचं शेत गेलं. म्हणून आई म्हणते, लेकाचं घर हाय माजं. मी किती वेळा म्हटलं, चल माझ्याकडे, दोन खोल्या तर दोन खोल्या. तर म्हणते, "जावयाच्या घरात पाय पसरून निजू व्हय? लोक शेन घालतील तोंडात." आमच्याकडची जुनी बाई लेकीच्या घरी चहा पिते तोसुद्धा अवघडून. तिथे राहणं म्हणजे लेकाच्या नावाला बट्टा. ती मरेल, पण हा बट्टा लावणार नाही.

भावजय पुण्याची. बँकेत मोठ्या जागेवर आहे. एक सांगते, ती आईवर कधी ओरडली नाही, हात उगारणं तर लांबच. तिची तऱ्हा वेगळी. ती आईची काळजी घेते. काळजी घेऊन घेऊन तिनं आईची नुसती हाडं शिल्लक ठेवली आहेत.

झालं असं की, आईला शुगर निघाली, बीपीही निघालं. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, मीठ कमी सांगितलं. जेवण बंद करा असं काही सांगितलं नव्हतं. पण भावजयीनं मोबाईलवर काय काय वाचलं आणि आईचं ताटच वेगळं झालं. दुपारी एक फुलका, तोही सुका, आणि बिनमिठाची दुधीची भाजी. रात्री पाण्यात शिजवलेले ओट्स. ज्या बाईनं जन्मभर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, तिच्यापुढे ती वाटी आली तेव्हा तिनं चमचा उलटा करून बघितला आणि म्हणाली, "ही खायाची का कापडाला लावायची खळ?" भावजयीला खळ म्हणजे काय ते कळलं नाही. मला हसू आलं, आणि मग घरी येताना रिक्षात रडू आलं.

भाऊ त्या वेळी समोरच बसला होता, मोबाईलवर बोट फिरवत. तो नेहमी समोरच असतो. त्याचा स्वभाव गरीब, असं सगळे म्हणतात. अशा गरीब स्वभावाच्या माणसांनी जगाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं दरोडेखोरांनीसुद्धा केलं नसेल.

कुत्रं त्यांच्याकडे आलं ते आई आजारी पडल्यावर. मोठं, पिवळसर, दांडगं लॅब्रडॉर. भावजय त्याला बाळ म्हणते. "बाळ जेवलं का? बाळाला एसी लावलाय का?" आणि आईला काय म्हणते? "त्यांना". त्यांना झोपवलं का, त्यांचं झालं का. बाळासाठी चिकनचं पुडकं येतं, चमकदार, परदेशी. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंडं फोडायला बंदी. आईच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. ती आंघोळ करून, लिंगपूजा करून बसली की हिच्या बाळाच्या वाडग्यातला वास तिच्या खोलीपर्यंत यायचा. आई पदर नाकाला लावून बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एकदा मी शेंगापोळी नेली. आईला शेंगापोळी म्हणजे जीव की प्राण. मला कळत होतं की गुळाची आहे. पण एकच पोळी, तीही पातळ, कधीतरी एकदा. भावजयीनं दारातच डबा उघडला. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात ना? हे विष आहे त्यांना." म्हणाली आणि ती पोळी तिनं चुरली. नीट, चार बोटांनी, कुस्करून कुस्करून. आणि बाळाच्या वाडग्यात टाकली. आई खोलीच्या दारात उभी होती. कुत्र्यानं दोन घासांत वाडगा चाटूनपुसून साफ केला. आई म्हणाली, "खाऊ दे. मुकं जनावर हाय." मला वाटलं त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात. उपटल्या नाहीत, कारण मग मला आईपर्यंत पोचायला दारच उरलं नसतं.

त्या दिवसापासून माझी झडती सुरू झाली. मी गेले की भावजय हसून म्हणायची, "ताई, बॅग तेवढी दाखवा हं. राग मानू नका, त्यांच्या तब्येतीसाठीच." ती कामावर असली तर कामवाली बाई बघायची. खजूर काढून घेतला, राजगिऱ्याची वडी काढून घेतली, एकदा तर साधे फुटाणे काढून घेतले. आणि आई माझ्या कानाशी लागून विचारायची, "काय आनलंस गं?" लहान पोरासारखी. काय सांगू तिला?

मग एका रविवारी भावजयीनं मला सोफ्यावर बसवलं. स्वतःशेजारी, म्हणजे काम असणार. सकाळी बागेत कुत्री फिरवणाऱ्या बायकांचा तिचा एक ग्रुप आहे. त्यांच्यात म्हणे कुत्र्याच्या वाढदिवसाला घरी केलेला खाऊ वाटायची पद्धत. बाजारचा चालत नाही, घरचाच. आता हिला चहासुद्धा उतू घालवल्याशिवाय करता येत नाही. तिनं मोबाईलवर एका गोऱ्या बाईची कृती दाखवली. गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचा लगदा, शिजवलेला लाल भोपळा, साखर नाही, मीठ नाही. "तुमच्या हाताला चव आहे ताई, तुम्हाला जमेल." आणि तिनं मला एक साचा दिला, हाडाच्या आकाराचा. मी घेतला. साखर नाही, मीठ नाही, हेच शब्द माझ्या डोक्यात बसले होते.

आमच्या पेठेत अजूनही बायका उन्हाळ्यात आणि दिवाळीला घरचं पीठ-तूप घेऊन बेकरीत जातात. तिथेच मळायचं, वळायचं, पत्र्यावर मांडायचं आणि भट्टीतून निघालेली नानकटाई डबा भरून घरी आणायची. आम्ही लहान असताना आईही जायची. पण तिची नानकटाई नसायची. मैदा आणि साखर तिला परवडायची नाही. ती ज्वारीचं पीठ, शेंगाकूट, गूळ आणि असेल तेवढं तूप न्यायची, आणि त्यात सुंठ आणि बडीशेप ठेचून घालायची. स्टीलच्या डबीच्या झाकणानं गोल कापायची. तशी बिस्किटं पेठेत दुसऱ्या कुणाचीच नसायची. भाऊ शाळेतून आला की त्याला तीच लागायची. दोन्ही गालांत दोन भरून हिंडायचा, माकडासारखा.

तर मी त्याच बेकरीत गेले, आता मुलगा चालवतो पण बेकरीवाले चाचा अजून भट्टीपाशी बसलेले असतात. "क्या लाई बाजी? दिवाली तो दूर है." मी म्हटलं, "कुत्र्याची बिस्किटं आहेत, चाचा. कुत्र्याचा वाढदिवस आहे." चाचांनी हातातला पत्रा खाली ठेवला. "कुत्ते की सालगिरा? या अल्ला! हमारी तो अम्मा ने भी नै मनाई." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "हल्लू बोलो बाजी. गिऱ्हाईक सुनेंगे तो पाव नै लेंगे." पण भाजून दिली हो. खरपूस, एकसारखी. नवऱ्यानं जिन्यात डबा बघितला आणि म्हणाला, "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, हे ऐकलं होतं. इथे डोळस बाई दळतेय की!" मी त्याला म्हटलं, तू तुझे टॉवेल मोज.

पहिला डबा घेऊन गेले त्या दिवशी गंमत झाली. माझी पिशवी तपासली, त्यातली केळी काढून घेतली, आणि बिस्किटांचा डबा? त्याला कुणी हातही लावला नाही. कुत्र्याचा डबा म्हटल्यावर नाका उघडा! भावजयीनं फोटो काढले. बाळानं बिस्किट हुंगलं, खाल्लं, शेपटी आपटली. एक बिस्किट त्याच्या जबड्यातून निसटून घरंगळत आईच्या खुर्चीखाली गेलं. भावजय फोनवर बोलत आत गेली. आणि आई वाकली. कमरेत उसण भरलेली माझी आई, जी पडलेला पेन्शनचा कागद उचलायला मला हाक मारते, ती वाकली आणि तिनं ते बिस्किट उचललं, पदरानं पुसलं आणि तोंडात घातलं.

मी धावत तिच्याजवळ गेले.

"आई, कुत्र्याचं आहे गं ते."

"कुत्र्यासाटी तू काय येगळं पीठ दळलंस व्हय?" ती चघळत म्हणाली. "चांगलं झालंय. तूप न्हाय तेवढं." मग उरलेला तुकडा तिनं डोळ्यांपुढे धरला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "ह्यो आकार कसला गं? हाड हाय व्हय? शिव शिव." गळ्यातली डबी तिनं मुठीत धरली. तुकडा मात्र टाकला नाही. कुत्र्याला दिला.

माझी आई भुकेली आहे हे मला कळत होतं, पण जमिनीवरचं उचलून खाण्याइतकी भुकेली आहे हे त्या दिवशी कळलं. ते काही दुष्काळातलं घर नव्हतं, दोन फ्रीजचं होतं. आणि त्याच वेळी माझं डोकं चालायला लागलं. मी तिच्या कानात म्हटलं, "पुढच्या वेळी गोल आणते. गोल तुझी. हाडाची त्याची." आईनं मान हलवली. आम्हा मायलेकींचं ठरलं.

बाळाला बिस्किटं आवडली, म्हणून भावजयीनं दर खेपेला डबा आणायला सांगितला. पुढच्या डब्यात वर हाडं होती आणि खाली गोल. हाडं गोऱ्या बाईच्या कृतीची. गोल आईच्या स्वतःच्या कृतीची, गूळ तेवढा काढून: ज्वारीचं पीठ, शेंगाकूट, सढळ तूप, सुंठ, बडीशेप, त्याच स्टीलच्या झाकणानं कापलेली. साखरेचा कण नाही. तिच्या शुगरचं मलाही कळतं, मी काही तिच्या जिवावर उठलेली नाही. भावजयीनं विचारलं, "ही गोल कशी?" मी म्हटलं, "साच्यातून उरलेल्या पिठाची. फोटोला हाडाची घ्या, गोल त्याला अशीच घालता येतील." तिला पटलं. फोटोला हाडं मिळाल्यावर तिला बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं.

नशिबानं आणखी एक गोष्ट जुळली. घरात आईला एकच काम दिलेलं होतं. दुपारच्या चहाच्या वेळी, सगळे कामावर असताना, बाळाला डब्यातला खाऊ द्यायचा. ज्या बाईनं बारा माणसांचा स्वयंपाक हाकला, तिला आता कुत्र्याला बिस्किट द्यायचं काम. पण ते काम सोन्याचं ठरलं. एक हाड कुत्र्याला, एक गोल आईला. बिनसाखरेच्या चहात बुडवून. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की आईच्या गालावर जरा मांस आलंय. आवाजात दम आलाय. एकदा मला म्हणाली, "तुझा बाप असता तर म्हनला असता, काय बया, कुत्र्याच्या जिवावर जगती!" आणि दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो. कुत्रं आईच्या पायावर डोकं ठेवून पडलेलं असायचं. त्या घरात आईच्या अंगाला कुणाचा स्पर्श होत असेल तर त्याचाच. तेवढ्यापुरतं मी त्याला माफ केलं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे बिघडणार हे ठरलेलंच होतं.

बाळाच्या पुढच्या वाढदिवशी भावजयीनं मोठा थाट केला. दिवाणखान्यात फुगे, कुत्र्याच्या डोक्यावर कागदी टोपी, ग्रुपमधल्या सगळ्या बायका आपापली कुत्री घेऊन आलेल्या. मी डबे पोचवायला गेले होते, हाडं आणि गोल, दोन्ही. आईला जांभळं इरकल नेसवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवली होती. "आजी किती गोड!" म्हणून बायकांनी तिचे फोटो काढले. भाऊ सरबताचे ग्लास फिरवत होता. मी म्हटलं आता निघावं, तर भावजय म्हणाली, "थांबा ना ताई, बाळाचा व्हिडिओ लावतेय."

टीव्हीवर व्हिडिओ सुरू झाला. बाळ आंघोळ करतंय, बाळ झोपलंय, बाळ चप्पल चावतंय. दिवाणखान्यात कॅमेरा बसवलेला आहे, कचेरीतून बाळाला बघता यावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. आईला तर कॅमेरा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. ती त्याला छतावरचा दिवा समजत होती. भावजय म्हणाली, "आता बघा हं, आता खरी मजा."

आणि टीव्हीवर आई आली. वरून दिसत होती, डोक्याच्या विरळ केसांसकट. तिनं डबा उघडला. एक हाड कुत्र्याला दिलं. मग दाराकडे बघितलं. मग गोल बिस्किट काढून पटकन तोंडात घातलं, सगळंच्या सगळं, आणि बोटानं ओठांवरचा चुरा आत ढकलला. कुत्रं तिच्याकडे बघत होतं. भावजयीनं तो तुकडा परत परत लावला होता, मागे गाणं टाकून, भरभर. आई खाते, दाराकडे बघते, खाते, दाराकडे बघते.

बायका हसल्या. एकजात सगळ्या. एक म्हणाली, "हाऊ क्यूट!" दुसरी म्हणाली, "आजी, बाळाचा खाऊ चोरता होय?" भावजय डोळे पुसत होती, हसून हसून पाणी आलं होतं त्यांत. "अहो मी रोज ऑफिसात बघते! विसरभोळ्या झाल्यात हो, कुत्र्याचं आणि माणसाचं कळत नाही आता त्यांना." रोज बघत होती. रोज. आईची भूक रोज बघत होती आणि तिला त्यात मजा वाटत होती. मी ग्लास टेबलावर ठेवला. माझी जीभ किती धारदार आहे ते सगळ्या पेठेला माहीत आहे, त्या बयेला अजून माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं. सांगणार होते की कळतं तिला, तुझ्यापेक्षा जास्त कळतं, ती बिस्किटं तिचीच आहेत, मी तिच्यासाठीच भाजते, कारण तू तिला उपाशी मारतेस.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "सुम्निरु."

कानडीत. गप्प बस. लहानपणी पाहुण्यांसमोर आम्ही भांडायला लागलो की आई दातांतल्या दातांत हेच म्हणायची. खोलीत ते दोघांनाच कळलं, मला आणि भावाला. भावजयीला कानडीचं अक्षर येत नाही. आई खुर्चीत ताठ बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती. मग ती मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्हय की. चोरून खाल्ली मी. कुत्र्याची हायती ते म्हाईत व्हतं मला. हिला बिचारीला काय ठावं?" म्हणजे मला. मला वाचवत होती ती. मी खरं बोलले असते तर डबा बंद झाला असता, दार बंद झालं असतं. ते तिनं माझ्याआधी ओळखलं. आणि त्यासाठी फुगे लावलेल्या खोलीत, टोपी घातलेल्या कुत्र्यांसमोर, माझी आई कुत्र्याचं चोरून खाणारी म्हातारी झाली.

"असं असतं तरी काय त्यात?" कुणीतरी म्हणालं. "तू खाऊन बघ ना रे," भावजय भावाला म्हणाली आणि तिनं डब्यातलं एक त्याच्या तोंडापुढे धरलं. गोल होतं. "खा, खा!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या. भावानं लाजत तोंड उघडलं.

त्यानं चावलं, आणि त्याचा जबडा थांबला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि आईही बघत होती. सुंठ, बडीशेप, शेंगाकूट, ज्वारी. गूळ नव्हता, पण बाकी सगळं होतं. त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांत कळलेलं मी बघितलं. सुम्निरु ऐकलेलं होतं, आणि आता हे तोंडात होतं. दोन्ही मिळून एखाद्या दगडालासुद्धा कळलं असतं. त्यानं आईकडे बघितलं. आईनं त्याच्याकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं रे तुला, की ही माझ्या आईची बिस्किटं आहेत. एवढंच. कुणी फाशी दिलं नसतं तुला. तो कधी बोलेल त्याची मी वाट बघत होते, अगदी मूर्खासारखी.

त्यानं घास गिळला. आणि तो हसला. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं. म्हणाला, "चांगलंय की! मलाही वाडगा द्या आता."

काय हशा पिकला! भावजय आईजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मोठ्या मनानं म्हणाली, "आता चोरून नको हं आई. मागायचं. बाळाला काय कमी पडणार आहे? ताई, पुढच्या वेळेपासून त्यांचीही चार जास्त करा. साखर नाही, मीठ नाही, चालतील त्यांना. पण ती गोल नकोत, सगळी हाडाचीच करा. दोघांचा एकत्र फोटो किती गोड येईल!" आई म्हणाली, "करंल की." मी रिकामे डबे आवरले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता ते असं चालतं. चहाच्या वेळी, सुट्टीचा दिवस असला तर भावजयीसमोर, आईला एक हाड आणि कुत्र्याला एक हाड. फोटो निघतात. ग्रुपमधल्या बायकांना आवडतात म्हणे. मी तूप वाढवलंय, सुंठ-बडीशेप सगळ्यातच घालते, कुत्र्याच्याही. चाचा म्हणतात, "कुत्ता नसीबवाला है बाजी." मी म्हणते, व्हय चाचा, नसीबवाला है.

आई हाड हातात घेते, फोटो होईपर्यंत धरते. मग भावजय उठली की हाडाची दोन्ही टोकं मोडते आणि कुत्र्याला घालते. मधला तुकडा उरतो. "टोकं गेली की हाड न्हाय ऱ्हात ते," ती मला म्हणाली. ठीक आहे. तेवढा तरी तिच्या पोटात जातो, असं मी समजत होते.

मागच्या खेपेला तिची उशी बदलायला गेले तर उशीखाली पुडी सापडली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. आत मधले तुकडे, पुष्कळ. मी म्हटलं, "आई, हे काय? तू खात नाहीस?" माझा आवाज चढला. "कुणासाठी मी ती भट्टीची धग खाते? कुणासाठी त्या बाईचं हसणं सोसते? तू कुणासाठी ते सगळं सोसलंस?"

"वरडू नगंस," ती म्हणाली. "अर्धी खाती मी. अर्धी त्येच्यासाटी ठेवती. वळखलं बग त्यानं त्या दिवशी. लई आवडायची त्येला. आला हिकडं खोलीत, तर दिईन."

"येतो का तो?"

आईनं चिंधीची गाठ परत बांधली. सावकाश, नीट.

"सादळली की कुत्र्याला घालती," ती म्हणाली. "ते येतं."